बटण सोडल्यानंतर

तात्यांच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं आहेत. तर्जनी मुळापासून नाही आणि मधलं बोट एका पेरापुरतं उरलंय. लहानपणी सुट्टीत गावी गेलो की आम्ही पोरं त्यांच्या मागं लागायचो, "तात्या, पाच दाखवा." मग ते गंभीर चेहऱ्यानं दोन्ही हात वर करायचे आणि उजव्याची तीन, डाव्याची दोन अशी बेरीज करून दाखवायचे. आम्ही हसायचो. काकी मात्र उठून आत जायची.

भोगावतीकाठचं गाव. गोठ्यात दोन म्हशी, एक बैलजोडी आणि परड्यात छपराखाली कडबाकुट्टीचं मशीन. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: एक मोठं ओतीव लोखंडी चाक, त्याच्या आऱ्यांवर बसवलेली दोन पाती आणि समोर वैरण सारायचं तोंड. आधी ते हातानं फिरवायचे, मग कधीतरी पट्टा टाकून मोटर जोडली. चाक जड असतं, कारण जड असल्याशिवाय ते एका लयीत फिरत नाही. आणि जड असतं म्हणूनच मोटर बंद केल्यावरही फिरत राहतं. त्या संध्याकाळी तात्यांनी खटका पाडला होता. तोंडात उसाच्या वाड्याचा गुंता अडकला होता, तो ओढायला त्यांनी हात घातला.

मी तेव्हा चौथीत होते. रक्त वगैरे मला आठवत नाही, मला कुणी जवळ जाऊच दिलं नव्हतं. आठवतं ते पुढं कित्येक वर्षं त्या घरात ऐकलेलं एक वाक्य. आल्यागेल्या प्रत्येकाला आजी सांगायची, "मशीन बंद हुतं की वो!" जणू भुताटकीच. बंद मशीननं बोटं नेली.

आता मी चोपन्न वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते, आणि तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हौसेनं एक फिरतं पातं विकत घेऊन घरात आणलं.

त्याला कारण वडिलांची चित्रं. वडील ड्रॉइंग मास्तर होते. रंकाळ्याची संध्याकाळ, पंचगंगेचा घाट, जोतिबाच्या डोंगरावरून दिसणारं खोरं, भवानी मंडपातली गर्दी, सगळं जलरंगात. विकलं काहीच नाही, लावलंही फारसं नाही. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या भावाच्या घरात पाणी शिरलं. भिंतीवर होती ती चित्रं गेली. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत बिनफ्रेमची पडून होती ती चौतीस वाचली. नशिबाचा उफराटा न्यायच म्हणायचा. ती पेटी माझ्याकडं आली. चौतीस फ्रेमांचा खर्च विचारून आले आणि दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, चार पट्ट्या आणि चार कोपरे, त्यात एवढं काय आहे?

कोल्हापूरच्या माणसाला ही खोड आहेच. आपल्याला जमणार नाही असं काही जगात असतं, हे आम्हाला मुळात पटत नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांचं मूळ आडनाव मेस्त्री, कारागिरांचं घराणं. चित्रपट काढायचे तर कॅमेरा हवा, आणि कॅमेरा मिळत नाही तर करू की, अशी ती जिद्द. आनंदराव १९१६ साली गेले, पण बाबूरावांनी नाद सोडला नाही, कॅमेरा तयार केलाच. माझे वडील ही गोष्ट वर्गात दरवर्षी सांगायचे, आणि सांगताना आवाज असा लावायचे की जणू त्या कॅमेऱ्याचा एखादा स्क्रू त्यांनीच पिळला होता. उद्यमनगरात आजही एखादा सुटा भाग घेऊन जा, समोरचा माणूस तो हातात फिरवून बघतो आणि म्हणतो, "हुतंय की." या "हुतंय की" वर आमचं शहर उभं आहे. त्याची दुसरी बाजू अशी की यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका आमच्याकडं कुणी उघडत नाही. मीही उघडली नव्हती.

फ्रेमची गंमत तिच्या कोपऱ्यात आहे. चार पट्ट्या, प्रत्येकीची दोन टोकं, म्हणजे आठ काप, आणि प्रत्येक काप ४५ अंशांचा. कापात अर्ध्या अंशाची चूक झाली तर कोपऱ्यात ती एक अंशाची होते, आणि चौथ्या कोपऱ्याशी येईपर्यंत चार अंशांची. पट्टी ५० मिलिमीटर रुंद असेल तर शेवटच्या कोपऱ्यात जवळजवळ पाच मिलिमीटरची फट. तीन कोपरे देखणे आणि चौथ्यात तोंड वासलेलं. हातकरवतीनं मी सहा फ्रेमा बिघडवल्या. वर्गात दरवर्षी सत्तर पोरांना कोनमापक नीट धरायला शिकवणारी बाई, आणि स्वतःचे ४५ अंश एकदाही जुळेनात. शेवटी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून मायटर सॉ आणला.

मायटर सॉ म्हणजे काय, तर एका टेबलावर बिजागरीनं बसवलेली विजेची गोल करवत. टेबल डावीउजवीकडं फिरवून हव्या त्या अंशावर पक्कं करता येतं. मागं सरळ उभी लोखंडी भिंत असते, तिला लाकूड टेकवायचं, मूठ धरून पातं खाली आणायचं. लाकूड जागेवर राहतं, पातं येतं आणि जातं. फारच सोपं. इतकं सोपं की पहिल्याच दिवशी मी कोबी चिरावा तशा पट्ट्या चिरल्या.

रात्री झोप येईना म्हणून हिशोब मांडला. पातं दहा इंची, म्हणजे २५५ मिलिमीटर. परीघ साधारण ८० सेंटिमीटर. यंत्रावरच्या पट्टीवर मिनिटाला ५००० फेरे लिहिलेले. म्हणजे पात्याचा एकेक दात मिनिटाला चार किलोमीटर जातो, तासाला २४०. इथून पुणं जवळपास तेवढंच लांब आहे. म्हणजे मी ज्या दाताजवळ बोटं ठेवली होती, तो एका तासात पुण्याला पोचला असता. माझ्या पात्याला दात ६०. मिनिटाचे ६० सेकंद आणि पात्याचे ६० दात एकमेकांना छेदून जातात, त्यामुळं सेकंदाला नेमके ५००० दात समोरून जातात. माणूस दचकून हात मागं घेईपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग तरी जातोच. तेवढ्यात एक हजार दात. उत्तर इतकं गोल आलं की मी ते दोनदा तपासलं. मग उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीमामांना बोलावलं. आमच्या घराची दारंखिडक्या त्यांनी केली होती. तरुणपणी तालमीत जायचे, कान अजून मुडपलेले आहेत. आले, यंत्राकडं पाहिलं, आणि मला म्हणाले, "बाई, उभ्या ऱ्हावा बघू."

मी उभी राहिले.

"आसं न्हवं. कापायला उभ्या ऱ्हाता तशा."

तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी पवित्रा शिकवतो, डाव नंतर. मामांनी मला अर्धा तास नुसतं उभं केलं. पाय खांद्याएवढे अंतरावर, अंग पात्याच्या रेषेच्या बाजूला. म्हणजे काही उडालंच तर ते सरळ तोंडावर येणार नाही. उजवा हात मुठीवर. डावा हात लाकडावर, आणि पात्याच्या वाटेपासून किमान वीतभर लांब. पुस्तिकेत मी नंतर वाचलं, तिथं १५ सेंटिमीटर लिहिलंय. मामांची वीत त्याहून जास्तच भरते. मी टेबलावर दोन्ही बाजूंना लाल रंगाच्या रेषा मारून घेतल्या. पण मामांनी लगेच टेबल डावीकडं ४५ अंशांवर फिरवलं आणि विचारलं, "आता?" आता पात्याची वाटच वळली होती आणि माझ्या लाल रेषेवरून जात होती. गणिताच्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही. सरळ कापाच्या खुणा तिरक्या कापाला चालत नाहीत. दर वेळी टेबल फिरवलं की पातं बंद असताना हलकेच खाली आणून बघायचं, ते कुठं उतरतंय, आणि मग हाताची जागा ठरवायची.

आणि हातांची कैची करायची नाही. पट्टीचं दुसरं टोक कापताना मला सोयीचं पडावं म्हणून मी डावा हात उजव्या हाताखालून पलीकडं नेला होता. मामा काही बोलले नाहीत, फक्त माझं मनगट धरून परत अलीकडं आणून ठेवलं. टेबल उजवीकडं वळवा, नाहीतर लाकूड फिरवा, हात नाही.

पात्याच्या खाली एक पारदर्शक प्लास्टिकचं आवरण असतं. मूठ खाली आणली की ते आपोआप वर सरकतं, सोडली की परत पातं झाकतं. भुशानं ते अडकायला लागतं, मग कामाच्या घाईत लोक ते तारेनं वर बांधून ठेवतात. मामांच्या कारखान्यातही बांधलेलं होतं, हे त्यांनीच सांगितलं. "मग मला का न बांधायला सांगताय?" असं विचारल्यावर ते हसले. "तुमाला आजून शिकायचंय. मला आता सुधरायचं न्हाई." हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. पण त्यांनी जे शिकवलं त्यात खोट नव्हती, म्हणून वाद घातला नाही. मी ते आवरण दर शनिवारी ब्रशनं साफ करते, प्लग काढून.

प्लग काढून. ही सवय लागायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पातं बदलताना, कोन तपासताना, अडकलेली ढलपी काढताना, प्रत्येक वेळी आधी भिंतीवरचा प्लग उपसून तो डोळ्यांना दिसेल असा टेबलावर आणून ठेवायचा. बटण बंद आहे एवढ्यावर भागत नाही. पातं बदलायचा बोल्ट बहुतेक मायटर सॉमध्ये उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे माहीत नसलं की माणूस जोर लावत बसतो, पाना निसटतो, आणि मुठीची सालटी पात्याच्या दातांवर निघतात. माझी निघाली होती. न फिरणारं पातंही कापतं, हे त्या दिवशी कळलं.

कपड्यांचं मला कुणी शिकवायला लागलं नाही, पण पाळायला मात्र लागलं. साडी नाही. ओढणी नाही. अर्ध्या बाह्यांचा कुडता, केस वर बांधलेले, मंगळसूत्र आत. बांगड्या काढून कपाटात. बांगड्या काढल्या म्हणून सासूबाईंचा चेहरा आठवडाभर उतरलेला होता, शेवटी मी त्यांना यंत्र चालवून दाखवलं, त्यानंतर त्या स्वतःच हाक मारून विचारायला लागल्या, "काढल्यास का गं?" सगळ्यात अवघड गेला तो मनगटावरचा देवाचा धागा. तो काढायला मन धजत नव्हतं. मग दंडावर बांधला. देवाला मनगट आणि दंड यांत फरक पडत नसावा.

हातमोज्यांबद्दल मात्र मी ठाम चुकीची होते. मला वाटायचं, जाड कातडी मोजे घातले की काम फत्ते. फिरत्या पात्याला मोज्याचा एक धागा जरी सापडला तरी ते मोजा ओढतं, आणि मोज्याच्या आत हात असतो. गुऱ्हाळावर घाण्यात ऊस सारणारा गडी सदऱ्याच्या बाह्या वर का दुमडतो, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. मला ते माझ्या यंत्राशी जोडता आलं नव्हतं. उघडा हात बरा, तो निदान लांब ठेवायची आठवण राहते. चष्म्याचंही तसंच. चाळशीचा चष्मा म्हणजे डोळ्यांचं संरक्षण नव्हे, त्याची काच फुटून उलट डोळ्यात जायची. त्याच्यावरून बसणारा मोठा गॉगल मिळतो, तो घ्यावा.

आणि तो गॉगलच त्या दिवशी कामाला आला.

पावसाळा संपत आला होता. रंकाळ्याच्या एका चित्राची फ्रेम करत होते. मोठ्या सागवानी पट्टीतून शेवटचा छोटा काप, उरलेला तुकडा तीन-चार सेंटिमीटरचा तिरका त्रिकोण. काप झाला. झाला म्हणजे काय, लाकूड दोन झालं, आवाज बदलला, आणि माझ्या डोक्यात ते काम संपलं. मी बटण सोडलं आणि त्याच ओघात मूठ वर उचलली. पातं अजून फिरत होतं. या यंत्रात पात्याची मागची कड खालून वर जात असते, आणि तो सुटा त्रिकोण नेमका तिथं, पातं आणि मागची लोखंडी भिंत यांच्यामध्ये पडलेला. वर येणाऱ्या दातांनी तो उचलला. मला दिसलं काहीच नाही. ठाप्प असा आवाज झाला, समोरच्या भिंतीचा गिलावा उडाला, माझ्या गॉगलवर वाळू आली, आणि कानाशेजारून काहीतरी जाऊन मागं उभ्या असलेल्या स्कूटरचा आरसा फुटला.

सगळं संपल्यावर पातं आरामात थांबलं.

मी त्या फुटलेल्या आरशासमोर बराच वेळ उभी होते. मला आजीचं वाक्य ऐकू येत होतं. मशीन बंद होतं की ओ! आज मी पण हेच सांगितलं असतं. बटण सोडलं होतं, हे खरंच होतं. तात्यांनीही खटका खरंच पाडला होता. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तात्यांना थोडं वेंधळं ठरवलं होतं, आणि आता माझ्यात आणि त्यांच्यात फरक होता तो फक्त त्या त्रिकोणानं कुठल्या दिशेला जायचं ठरवलं, एवढाच.

कापताना माणूस सावध असतो. आवाज मोठा असतो, पातं लाकडात शिरताना दिसतं, श्वास आपोआप रोखला जातो. सावधपणा सुटतो तो काप झाल्यावर. मन पुढच्या पट्टीकडं गेलेलं असतं, हात तुकडा उचलायला निघालेला असतो. महागड्या यंत्रांना विजेचा ब्रेक असतो, बटण सोडलं की दोन-तीन सेकंदांत पातं थांबतं. माझ्या यंत्राला तो नाही. मी घड्याळ लावून पाहिलं: नऊ-दहा सेकंद. दहा सेकंद तसे काही नाहीत, पण हातात यंत्राची मूठ दाबून धरून, काही न करता, नुसतं उभं राहायचं असेल तर ते फार असतात. कोल्हापुरी माणसाला तर फारच.

म्हणून मी पाढा म्हणायला लागले. काप झाला की बटण सोडायचं, मूठ मात्र खालीच दाबून धरायची, पातं लाकडातच राहू द्यायचं, आणि बेचा पाढा म्हणायचा. बे एके बे, बे दुणे चार. आवाज खाली उतरत जातो. बे पंचे दहाला दात वेगवेगळे दिसायला लागतात. बे नवे अठरा, बे दाहे वीस. मग मूठ वर. मग तुकडा. शेजारच्यांना वाटतं बाईंनी शिकवणी सुरू केली. पाढा मनातल्या मनात म्हटला तर तो वेगानं पळतो, हे माझं मलाच कळलं, म्हणून मोठ्यानं म्हणते. सुरुवातीलाही तसंच: बटण दाबलं की लगेच पातं लाकडावर टेकवायचं नाही, पूर्ण वेग घेऊ द्यायचा. पण ते अवघड नाही, तिथं भीती आपोआप थांबवते.

त्या त्रिकोणानंतर मी मागच्या भिंतीला आणि टेबलावर प्लायवूडची एक-एक पट्टी चिकटवली. पहिल्या कापात पातं त्यातून स्वतःच्या रुंदीची चीर पाडतं. मग लहान तुकड्याला पडायला किंवा अडकायला फट उरत नाही, आणि काप नेमका कुठं जाणार तेही त्या चिरेवर दिसतं. आणि लहान तुकडा हातात धरून कापायचाच नाही. लांब पट्टीतूनच आधी टोक कापून घ्यायचं, आणि नाहीच जमलं तर शिकंजा लावायचा. समोरासमोरच्या दोन बाजू बरोबर एका मापाच्या यायला हव्यात म्हणून टेबलावर एक अडण ठोकून घेतात. ते धरलेल्या बाजूलाच हवं. सुटणाऱ्या तुकड्याच्या बाजूलाही अडण असेल तर तो तुकडा अडण आणि पातं यांच्यात चेपला जातो आणि पुन्हा तोच प्रकार.

लाकूड वाकलेलं असेल तर त्याच्या पोटाची बाजू भिंतीकडं ठेवावीशी वाटते, कारण दोन टोकं टेकली की ते स्थिर वाटतं. पण मधे पोकळी राहते, कापताना लाकूड खाली बसतं आणि पात्याला दोन्हीकडून आवळतं. पाठ भिंतीला लावायची, काप जिथं जायचाय तिथंच लाकूड टेकलं पाहिजे. आपल्याकडच्या पावसाळ्यात वखारीतून सरळ आणलेली पट्टी आठ दिवसांत धनुष्य होते, त्यामुळं हा प्रश्न नेहमीचाच. जुलैत केलेल्या फ्रेमा मार्चमध्ये लाकूड आक्रसलं की कोपऱ्याच्या आतल्या बाजूनं उघडतात. वडिलांच्या चित्रांच्या पहिल्या चार फ्रेमा तशाच उघडल्यात. राहू दिल्यात.

एकदा अर्ध्या कापात लाईट गेली. पातं लाकडात रुतून थांबलं आणि सगळीकडं एकदम शांत. माझा डावा हात लाकूड सोडवायला निघालाच होता. मग उजव्या हाताकडं लक्ष गेलं, त्याची बोटं अजून बटणावर तशीच घट्ट. लाईट त्या क्षणी आली असती तर? बटण सोडलं, प्लग काढला, आणि तशीच जाऊन चहा टाकला. तेव्हापासून यंत्राला जुनी बारीक एक्स्टेन्शन वायरही लावत नाही; अर्थिंग असलेला १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट करून घेतला.

धुळीचं थोडक्यात सांगते, कारण ती दिसत नाही म्हणून कुणाला खरी वाटत नाही. सागाचा बारीक भुसा नाकात गेला की शिंका येतात, एवढ्यावर लोक थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात धरते. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही, एन-९५ मास्क लागतो. करोनात घेतलेले आमच्याकडं ढीगभर होते, ते असे कामी आले. कानांनाही झाकण हवं.

भिंतीवर, त्या उडालेल्या गिलाव्याच्या खड्ड्याशेजारी, मी एक कागद चिकटवलाय. बोट तुटलं तर काय करायचं. जखम स्वच्छ कापडानं दाबून हात वर धरायचा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर नाही, त्यानं पेशी खराब होतात. आणि लगेच निघायचं. नवरा म्हणाला, अपशकुनी आहे, काढ. मी काढला नाही. तात्यांची बोटं कुणी शोधलीच नव्हती. वैरणीत पडली होती, आणि ती पुन्हा जोडता येऊ शकतात हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

गेल्या दिवाळीत तात्या आले. ऐंशी ओलांडलीय, पण एसटीनं एकटे येतात. भोगावतीकाठच्या त्यांच्या मळ्याचं एक चित्र वडिलांनी कधीतरी काढलं होतं, त्याची फ्रेम त्यांना द्यायची होती. तीन बाजू झाल्या होत्या, चौथी राहिली होती. मी म्हटलं, बसा आत, एवढी करून आणते. ते आत बसले नाहीत. खुर्ची ओढून पार्किंगमध्येच, माझ्या मागं भिंतीला टेकून बसले. त्यांनाही एक गॉगल दिला. तो घालून ते सिनेमातल्या खलनायकासारखे दिसत होते, तसं सांगितलं तर खूश झाले.

पातं सुरू केलं, वेग घेऊ दिला, काप घेतला. बटण सोडलं. बे एके बे. बे दुणे चार. आणि माझ्या मागून, जरा घोगऱ्या आवाजात, तात्याही म्हणायला लागले. बे त्रिक सहा. बे चोक आठ. कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. बे नवे अठराला पातं थांबलं. मी मूठ वर केली, वळले. त्यांची नजर पात्यावरच होती.

"एवढ्यात थांबतंय व्हय?" ते म्हणाले.

"नऊ-दहा सेकंदात."

तात्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला, जरा विचार केला.

"आमचं चाक एकोणतीसच्या पाढ्यालाबी थांबलं नसतं," म्हणाले, "आणि तो तर मला कधी आलाच न्हाई." मग टेबलाकडं बोट दाखवून, "ती पट्टी इकडं आण. कोपरा जुळतोय का बघू."